हरकत कायम

"सही जमत नसेल तर अंगठा उमटवा, बुवा. तेवढ्यानं भागेल," टेंभेसाहेब म्हणाले.

मी ओट्यावर ज्वारी पाखडत बसले होते. सूप खाली ठेवलं. "अंगठा कशाला? साहेब, माझ्या बाबांचा घसा गेलाय, हात शाबूत आहेत."

बिचारे ओशाळले. वर्ध्याकडचा तिशीचा माणूस. निजामाचं राज्य जाऊन चार महिने झाले होते. नव्या सरकारनं त्यांना आमच्या सावरखेड्याला तहसीलदार म्हणून आणून बसवलं होतं. माणूस सालस होता. आमच्या फाटक्या घोंगडीवर मांडी घालून बसला, दिलेलं ताक प्यायला, आणि मग खिशातून तो कागद काढला. किशनराव पेशकारांना पुन्हा कचेरीत घ्यायला रंगनाथबुवा कीर्तनकारांची हरकत नाही, असा मजकूर.

किशनराव! ते नाव ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली.

पेशकार म्हणजे हाकिमापुढे मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, ठेवून ती वाचून दाखवणारा. किशनरावांनी वीस वर्षं तेच केलं. गोकुळाष्टमीच्या कीर्तनात बाबांनी कंसाचं आख्यान लावलं, ते सरकारच्या डोळ्यांवर आलं, आणि बाबांची मिसल वाचून दाखवली ती किशनरावांनीच. कचेरीची ती भरजरी उर्दू. बाबांना त्यातले दोनच शब्द कळले, कीर्तन आणि बगावत. अकरा महिने तुरुंगात काढले. तिथल्या ओल्या फरशीवर घसा धरला, तो सुटलाच नाही. पाच कोसांवरून माणसं ज्याचं गाणं ऐकायला यायची, त्याच्या नरड्यातून आता नुसता वारा यायचा. ओठांशी कान नेला तरच शब्द कळायचे. तो कान माझा. बाबा माझ्या कानाशी बोलायचे आणि मी ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचे, काना-मात्रेचा फरक न करता. गावाला त्याची सवयच झाली होती. मी बोलले म्हणजे बुवा बोलले.

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रारदाराच्या संमतीशिवाय परत घेता येत नाही," टेंभेसाहेब मला समजावत होते. "आणि त्याच्यावाचून माझं अडलंय, बाई. रझाकारांच्या भीतीनं पळालेली माणसं परत आलीत. त्यांच्या घरांत दुसरेच शिरलेत. कोणाचं काय, हे सगळं दप्तरात आहे. आणि दप्तर त्या शिकस्त अक्षरात! मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. शाळेत उर्दू शिकलेल्या पोरांना छापील वाचता येतं, हे नाही. दुसरे एक मुन्शी होते म्हणे..."

"होते," मी म्हणाले. निजाम पडला त्या गडबडीत ते बायकोपोरांसह गाव सोडून गेले होते. का गेले, ते गावाला ठाऊक होतं आणि कोणी त्यावर बोलत नव्हतं.

"म्हणजे ज्यानं आम्हाला बुडवलं तोच आता तराफा वल्हवणार?" मी विचारलं.

"दुसऱ्या कोणाला वल्हवता येत असेल तर सांगा."

बाबांनी मला खूण केली. मी कान नेला. ते बराच वेळ बोलले. मी म्हणाले, "बाबा म्हणतात, सही देतो. मनात किल्मिष ठेवून देवापुढे उभं राहता येत नाही. पण एक मागणं आहे. अकरा महिने कशापायी भोगले ते मला अजून कळलेलं नाही. तो कागद एकदा मला मराठीत वाचून दाखवा. दुसरं काही नको."

टेंभेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "एवढंच? उद्याच कचेरीत..."

"कचेरीत नको," हे मात्र माझं होतं. "परवा एकादशी आहे. कीर्तनात वाचायचं, सगळ्यांदेखत. शिक्षा सगळ्यांदेखत झाली होती ना?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

बातमी गावात पसरायला ताक घुसळण्याइतकाही वेळ लागला नाही. दुपारी नरोबा गुरव आले ते दारातूनच गरजत.

"बुवा! हे म्या काय ऐकतो? त्या किसन्याला सही देता? आरं, साप पकडला, दात मोजले, अन् पुन्हा बिळात सोडला!"

नरोबाकाका बाबांचे पखवाजी. बावीस वर्षांची जोडी. बाबांच्या गाण्यात श्वास कुठं संपतो हे बाबांच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचं. बाबांचा आवाज गेल्यावर "मथुरा उभी राहील गादीवर" असं पहिल्यांदा म्हणाले तेही तेच. माझ्यासारखी विधवा बाई नारदाच्या गादीवर, म्हणून चार टाळकी फिरली, तेव्हा हेच म्हणाले होते, "पखवाज माझा हाय. ती उभी राहील तिथं वाजंल. ज्याला आवडत न्हाई त्यानं घरी बसून मांजराचं म्याव ऐकावं."

"काका, तो कागद आधी वाचून घेणार आहोत आम्ही," मी म्हणाले.

"वाचून काय दिवा लावायचा? दप्तराला काडी लावा म्हणतो म्या. गावच्या नव्या समितीतबी तेच म्हणालो. नवं राज्य, नवा कागद. जुनं उकरलं की घाणच निघती, माय."

"अन् लोकांच्या घरांचं काय?"

"ज्याचं त्याला ठावं असतं. गाव काय आंधळं हाय?" त्यांनी बाबांकडे वळून हात जोडले. "बुवा, माझ्यासाठी. त्याला परत आणू नका."

बाबा हसले, त्यांच्या दंडावर थोपटलं, आणि माझ्या कानाशी म्हणाले ते मी सांगितलं, "बाबा म्हणतात, नरोबा, तुझा राग माझ्यापेक्षा मोठा कसा झाला रे?"

नरोबाकाका ताकाला न थांबताच गेले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. वाटलं, प्रेम असावं तर असं.

एकादशीला तिसऱ्या प्रहरी विठ्ठलमंदिराच्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. निजामाच्या काळात अंधार पडल्यावर जमायला बंदी होती, म्हणून आमची कीर्तनं दिवसाउजेडी व्हायची. तीच रीत अजून चालू होती. पुढे समितीची टोपीवाली माणसं. टेंभेसाहेब खाली सतरंजीवरच बसले, खुर्ची नको म्हणाले. तिसऱ्या खांबाला टेकून इमाम तांबोळी. तो माझ्या लहानपणापासून तिथंच बसायचा. येताना सगळ्यांसाठी एकेक विडा आणायचा आणि गजराला सगळ्यांत आधी टाळी त्याची पडायची. गडबडीच्या दिवसांत महिनाभर तो दिसला नव्हता. बाबांनी तुरुंगातून आल्यावर स्वतः जाऊन त्याला हाताला धरून आणलं होतं.

आणि किशनराव. शेरवानी नव्हती आता, साधा कोट. बगलेत लाल फडक्यात बांधलेली मिसल. ते दाराशीच उभे राहिले, कारण कोणी सरकून जागाच देईना.

मी पूर्वरंग केला. नामाचा महिमा सांगितला. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं चित्त नामात नव्हतं, पण पांडुरंग सांभाळून घेतो. बाबा माझ्या मागे झांज घेऊन उभे होते. गजर झाला, मला बुक्का लावला, गळ्यात हार पडला. आता उत्तररंगात आख्यान लावायचं. लोक मांड्या बदलून बसले.

मी म्हणाले, "मंडळी, आज आख्यान मी लावणार नाही. दीड वर्षापूर्वी याच गादीवरून लागलेलं एक आख्यान अर्धं राहिलंय. ते पुरं करायला पेशकारसाहेब आलेत. वाट द्या त्यांना."

वाट मिळाली, पण टोमण्यांतून. "या हुजूर!" "जोडे बाहेर काढले का, का तेबी सरकारजमा करता?" कोणीतरी नाक शिंकरलं. किशनराव खाली मान घालून आले, गादीला हात लावून नमस्कार केला, आणि बाजूला उभे राहून फडकं सोडलं.  वाचायला लागले ते स्थिर आवाजात. वीस वर्षांची सवय! उर्दूतली ओळ डोळ्यांनी घ्यायची आणि मराठी करून तोंडानं द्यायची, मध्ये कुठं अडखळ नाही.

"मौजे सावरखेडे. विठ्ठल देवळात जन्माष्टमीच्या दिवशी रंगनाथ नावाच्या कीर्तनकारानं कंस राजाची कथा सांगितली. तो म्हणाला, कंसानं तुरुंगाला सात कुलपं लावली. आत देवकी निजली होती, आणि बाहेर कंसाला झोप नव्हती. मग कैदी कोण? लोक हसले. तो म्हणाला, कंसाकडे तलवार होती, घोडे होते, शिपाई होते. एक गोष्ट नव्हती, सकाळ. सकाळ दुसऱ्याच्या घरी जन्माला आली होती. लोक उभे राहिले."

मी मागे पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. एकेक शब्द ते पेशकारांबरोबर म्हणत होते, आवाजाशिवाय. त्यांचंच कीर्तन. ज्या गळ्यातून ते आलं तो गेला होता, आणि ते मात्र जसंच्या तसं तिथं होतं, त्या मुंग्यांच्या अक्षरांत. इमाम तांबोळी डोळे पुसत होता. 

किशनरावांनी पान उलटलं. "त्यानंतर विठ्ठल विठ्ठल असा गजर सुरू झाला. तो चालू असताना कीर्तनकार हळूच म्हणाला, वाढव रे लय, हैदराबादेपर्यंत ऐकू जाऊ दे. थेरड्याच्या छातीत धडकी भरू दे."

बाबांची झांज वाजली. वाजवली नव्हती, हातातून निसटून एकमेकींवर आदळली.

मला तो दिवस डोळ्यांपुढे लख्ख दिसला. दोनशे गळे गजरात. मी पहिल्या रांगेत, बायकांत, आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. कोणालाच येणं शक्य नव्हतं. बाबा वाकले होते, पखवाजाकडे. एकाच माणसाच्या कानाशी.

मी नरोबाकाकांकडे पाहिलं. ते पखवाजाच्या तोंडावरच्या काळ्या शाईकडे बघत होते. बोटं तिच्यावर होती आणि ती मेलेल्या माणसाची असावीत तशी दिसत होती.

किशनराव थांबले. कागद जरासा मिटून म्हणाले, "इथं मजकूर संपतो. खाली खबर देणाऱ्याचं नाव आणि निशाणी आहे. ते उघड वाचत नाहीत, असा कायदा आहे."

"कोणत्या सरकारचा?" मी विचारलं.

त्यांनी टेंभेसाहेबांकडे पाहिलं. टेंभेसाहेबांनी सतरंजीकडे.

मग मंडपात ते सुरू झालं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. माणसं एकमेकांकडे बघू लागली. हा होता त्या दिवशी? तो कुठं बसला होता? आणि बघता बघता नजरा वळायला लागल्या, एक, दोन, दहा, पन्नास. तिसऱ्या खांबाकडे. मागून कोणीतरी म्हणालं, "पुढं बसून इडे वाटायचा ना रोज! मंग?" दुसरा म्हणाला, "सांगायला कशाला पायजे." एक जण उठूनच उभा राहिला. इमाम नुसता बसून होता, पानाचं तबक मांडीवर घेऊन. त्याला काय चाललंय ते कळलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

नरोबाकाकांनीही ते पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. ते गप्प राहिले.

मागून बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कान नेला. मंडप थांबला, बुवा बोलणार म्हणून. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांना तो खांब दिसतच नव्हता. ते कापऱ्या वाऱ्यानं म्हणाले, "नको वाचू म्हणावं. मी माफ केलं. नाव नको. म्हण, बुवांनी माफ केलं."

मी सरळ झाले. नारदाची गादी पायाखाली, समोर पांडुरंग. गळ्यात हार होता, कपाळाला बुक्का. ज्या तोंडानं आत्ताच नाम घेतलं होतं, त्याच तोंडानं मी म्हणाले, "बाबा म्हणतात, वाचा."

खांद्यावरचा हात तसाच राहिला, पण जड झाला.

किशनरावांनी कागद उघडला. "नरोबा वल्द रामा गुरव. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा."

 उभा राहिलेला माणूस खाली बसला. मग नरोबाकाका बोलले, पखवाजाशी बोलावं तसे. "थोरल्याला उचलून नेलं हुतं. तीन दिस. म्हणाले, बुवाचं एक वाक्य दे अन् पोरगा घेऊन जा. म्या म्हणलं, एका वाक्यानं काय हुतंय." ते उठायला लागले. "चलतो."

बाबांनी पुन्हा माझा खांदा दाबला. या वेळी मी त्यांचे शब्द होते तसेच सांगितले, "बाबा म्हणतात, बस खाली. गजर राहिलाय, आरती राहिलीय. कीर्तन अर्धं टाकून उठायचं नसतं. ठेका धर."

आणि त्यांनी धरला. माझ्या आयुष्यात मी तसा गजर ऐकला नाही. त्यात भक्ती होती का राग, का नुसती लाज, कोण जाणे. इमाम उठून माझ्या समोर आला आणि दोन्ही हातांनी टाळ्या देत राहिला, मान वर न करता.

आरती झाल्यावर टेंभेसाहेबांनी कागद पुढे केला. बाबांनी दौत मागवली आणि स्वच्छ अक्षरात सही केली. हरकत नाही.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. बाबा पाट ओढून माझ्या कानाशी बसले.

"मी काय म्हणालो होतो, मथे?"

"नको वाचू म्हणालात."

"आणि तू?"

"वाचा म्हणाले. तुमच्या नावावर."

"गादीवरून खोटं बोललीस."

"बोलले." मी फुंकणी खाली ठेवली. इमामकडे वळलेल्या नजरांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पण बाबा, त्या नजरा वळल्या नसत्या तरी मी तेच बोलले असते. म्हणून ते कारण म्हणून सांगत नाही. तुम्ही माफ केलंत. मी नाही केलं. पाप असेल तर माझ्या माथी. पांडुरंगाला तोंड मी देईन."

मला वाटलं, आता गादी गेली.  पण बाबांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाले, "पुढच्या एकादशीला मी मागं उभा राहणार नाही. श्रोत्यांत बसेन. तुला जे बोलायचं ते माझ्या नावावर नको. तुझं आहे ना? तुझ्या नावावर बोल."

मी भाकरी टाकायची राहू दिली. पदर खोचला आणि तडक कचेरीत गेले.

किशनराव त्याच दिवशी कामावर हजर झाले होते. तेच मेज, तीच खिडकी, पुढे मिसलींचा ढीग आणि ढिगापलीकडे परत आलेल्या माणसांची रांग. टेंभेसाहेब मला बघून उठले. "बुवांनी सही बदलली की काय?"

"नाही. बाबांची हरकत नाही, ती नाहीच. माझी आहे. ती लिहून घ्या."

"बाई, तुम्ही तक्रारदार नाही. आणि आता त्यांना काढायचं कसं? ही रांग बघा."

"काढा कोण म्हणतंय? ठेवा. राबवून घ्या. या लोकांची घरं शोधून द्या म्हणावं. पण माझी हरकत आहे, आणि ती ते इथं बसलेत तोवर राहणार. त्यांच्याच मिसलीला लावून ठेवा."

"असं चालत नाही हो. हरकत असते तरी, नसते तरी. काम करू द्या आणि हरकतही आहे, हे कुठल्या नियमात बसवू?"

"नवं राज्य आहे ना? बसवा एखाद्यात."

ते किशनरावांकडे बघायला लागले, नियम त्यांनाच ठाऊक असल्यासारखे. किशनरावांनी कोरा कागद पुढे ओढला, बोरू शाईत बुडवला, आणि उजवीकडून सुरुवात केली.

"मराठीत," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघत म्हणाले, "माझं शिक्षण उर्दूत झालं, बाई. मराठी बोलतो. लिहायचा हात नाही मला. वेळ लागेल."

"लागू द्या."

त्यांनी कागद फिरवला आणि डावीकडून सुरू केलं. एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं. रेघ वर चढायची, काना दूर पडायचा. मागची रांग चुळबुळायला लागली, कोणीतरी म्हणालं, "उरका की!" मी हलले नाही. निम्म्यावर आल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "हरकत कोणाची लिहू?"

"मथुरा रंगनाथ, राहणार सावरखेडे. आणि झालं की मोठ्यानं वाचून दाखवा."